लॅबरिंथ चालायचा कसा, आणि परतीची वाट का गाळायची नाही

लॅबरिंथ म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, म्हणजे भूलभुलैया का, हरवायला होतं का त्यात. नाही होत. भूलभुलैयात फाटे असतात, बंद गल्ल्या असतात, माणसाने चुकावं अशी मुद्दाम सोय केलेली असते. इथे जमिनीवर आखलेली वाट एकच. ती वळत वळत जाते, कधी मधल्या जागेला अगदी चिकटून नेते, मग परत पार बाहेरच्या कडेला आणून टाकते, आणि शेवटी मधे पोचवते. आलात तसं त्याच वाटेने बाहेर. ठरवायचं एकच, आत पाऊल टाकायचं की नाही. पुढे डोक्याला काही कामच उरत नाही आणि सगळी गंमत तिथेच आहे.

मी बे एरियात राहते, त्यामुळे माझी ओळख सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथीड्रलमधल्या लॅबरिंथशी. नॉब हिलवर आहे ते. एक लॅबरिंथ चर्चच्या आत फरशीत आहे, एक बाहेर आवारात. बाहेरच्यावर ऑफिसच्या लंच टाइममधे गळ्यात आयडी कार्ड अडकवलेली माणसं चालताना दिसतात, खालून कॅलिफोर्निया स्ट्रीटच्या केबल कारची घंटा ऐकू येत असते, आणि कुणी तुम्हाला तुमचा धर्म विचारत नाही. हल्ली जगभर हॉस्पिटलं, कॉलेजं, बागा इथे जे लॅबरिंथ दिसतात त्यातल्या बऱ्याच जणांचं मूळ याच चर्चपर्यंत जातं. इथल्या लॉरेन आर्ट्रेस या धर्मोपदेशक बाई १९९१ मधे फ्रान्सला शार्त्रच्या कॅथीड्रलमधे गेल्या, तिथला जुना लॅबरिंथ खुर्च्यांखाली झाकलेला होता, तर त्यांनी आणि सोबतच्यांनी त्या खुर्च्या सरकवल्या आणि चालल्या. परत येऊन त्याच नक्षीचा मोठा कॅनव्हास रंगवून घेतला आणि लोकांसाठी खुला केला. तिथून हे सगळं पसरलं.

शार्त्रचा मूळ लॅबरिंथ तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. व्यास साधारण १३ मीटर, आत ११ वेढे, मधे सहा पाकळ्यांचं फूल, आणि एकदा आत जायची वाट जवळजवळ २६० मीटर. म्हणजे एका खोलीएवढ्या नाही पण एका छोट्या हॉलएवढ्या जागेत पाव किलोमीटर गुंडाळून ठेवलाय. तुमचं पॅरिसला जाणं झालं तर ट्रेनने तासाभराच्या आसपास आहे, पण वार बघून जा, कारण एरवी त्यावर खुर्च्या मांडलेल्या असतात. लेंटपासून, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळापासून ते ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत, बहुतेक शुक्रवारी त्या काढतात. निघण्याआधी कॅथीड्रलच्या साइटवर खात्री करून घ्या, उगाच एवढं लांब जाऊन खुर्च्या बघून यायला नको.

आणि हे काही फक्त चर्चवाल्यांचं नाही हं. सात वेढ्यांची जुनी नक्षी क्रीट बेटावरच्या प्राचीन नाण्यांवर आहे, स्वीडनच्या किनाऱ्यावर गोटे मांडून केलेले शेकडो आहेत. आपल्या बाजूला बघायचं तर हळेबीडच्या होयसळेश्वर देवळाच्या भिंतीवर महाभारताच्या पट्टीत अभिमन्यूचा चक्रव्यूह असाच वेढ्यावेढ्यांचा कोरलाय. गोव्यात सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी उसगळीमळला जांभ्या कातळावर जी चित्रं कोरलेली आहेत त्यात हीच नक्षी आहे, पावसाळ्यानंतर गेलात तर छान दिसते. आणि २०२५ च्या शेवटी शेवटी सोलापूरजवळच्या बोरामणीच्या माळरानावरच्या दगडी रचनेच्या बातम्या आल्या होत्या, १५ वेढ्यांची, तुम्ही वाचल्या असतीलच. या दोन्ही जागा बघायच्या, त्यावर चालायचं मात्र नाही. दगड हलवायचे नाहीत, कोरीव रेषांवर उभं राहून फोटो काढायचे नाहीत, खडूने रेषा ठळक करायच्या नाहीत. चालायला दुसरे आहेत, आणि नसतील तर आपण काढू, ते खाली सांगते.

आता मुख्य मुद्दा, जो मला आधीच सांगून टाकायचाय. बहुतेक लोक अर्धाच लॅबरिंथ चालतात. मधे पोचतात, दोन मिनिटं डोळे मिटून उभे राहतात, एक सेल्फी, आणि मग सरळ रेषा ओलांडत चार ढांगांत बाहेर. झालं म्हणे. अहो, हे अभिमन्यूचं झालं, आत शिरायचं माहीत, बाहेर पडायचं माहीत नाही. परतीची वाट लांबीला तेवढीच असते आणि माझ्या मते खरं काम तिथेच होतं. म्हणून वेळ काढताना दोन्हीचा काढा. शार्त्रच्या मापाचा असेल तर आत जायला १५ ते २० मिनिटं, मधे थोडं थांबणं, आणि परत तेवढीच. पाऊण तास हाताशी ठेवा. तेवढा नसेल तर त्या दिवशी नका चालू किंवा लहान लॅबरिंथ शोधा, पण अर्धवट नको.

जायच्या आधीची तयारी फार नाही. फोन सायलेंट नाही, बंद. घड्याळ वाजणारं असेल तर तेही काढून बॅगेत टाका, नाहीतर बरोबर मधल्या पाकळीत उभे असताना ते तुम्हाला आज अजून तीन हजार पावलं बाकी आहेत म्हणून सांगणार. बॅग बाहेर बाकावर किंवा सोबतच्या माणसाकडे. बूट घालून चाललं तरी चालतं, पण घरात किंवा गच्चीवर असेल तर अनवाणी जास्त बरं, तळव्याला फरशीचा गारवा कळतो आणि पाऊल आपोआप हळू पडतं. आणि बाथरूमला जाऊन या आधी, हसू नका, पाऊण तासाचा मामला आहे.

मनात काय घेऊन जायचं यावर लोक फार गुंता करतात. काही न घेता गेलं तरी चालतं. घ्यायचं असेल तर एकच गोष्ट घ्या, आणि ती हो-नाहीच्या प्रश्नात बसवू नका. ही नोकरी सोडू का असं विचारत गेलात तर प्रत्येक वळणावर मन पार्टी बदलणार, डावीकडे वळलं की सोडू, उजवीकडे वळलं की नको. त्यापेक्षा या नोकरीत मला नेमकं काय खुपतंय असं घ्या. कुणावर राग असेल तर तो माणूस घ्या. कुणी गेलं असेल तर त्यांची आठवण घ्या. आणि प्रार्थना करणारे असाल तर सरळ प्रार्थना. या सगळ्याला आर्ट्रेसबाईंनी तीन टप्प्यांत बसवलंय, आत जाताना सोडायचं, मधे जे येईल ते घ्यायचं, आणि बाहेर येताना ते घेऊन आपल्या रोजच्यात परतायचं. पाठ करायची गरज नाही पण पहिल्या वेळी धरायला बरं पडतं.

तोंडाशी आलात की लगेच घुसू नका. पुढचा माणूस एखाद-दोन वळणं पार करेपर्यंत थांबा, मिनिटभर पुरतं. दोन-चार श्वास सोडा, घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्या. नमस्कार करावासा वाटला तर करा, लोक वाकतात, कुणी क्रॉसची खूण करतं, कुणी काहीच करत नाही. मी उंबऱ्याला करतात तसा हात लावून पुढे जाते, सवय आहे, जात नाही.

मग चाला. वेग हा पहिल्या दोन मिनिटांत ठरतो आणि तो जवळजवळ सगळ्यांचा जास्तच असतो, कारण शरीर रस्त्यावरून आलेलं असतं, पार्किंग शोधून आलेलं असतं. मुद्दाम अर्ध्यावर आणा. पण अगदी स्लो मोशनही नको, त्यात तोल सांभाळण्यातच सगळं लक्ष जातं. नजर पायाच्या अंगठ्यावर ठेवू नका आणि पुढचा रस्ता कुठे जातोय ते शोधायलाही लांब नका टाकू, पाच-सहा फूट पुढे ठेवा, बस. वळणं केसांच्या पिनेसारखी असतात, तिथे एकदम टाचेवर गर्रकन फिरलात तर ओळीने केलेल्या चार-पाच वळणांनंतर चक्कर आल्यासारखं होतं, विशेषतः ज्यांना व्हर्टिगोचा त्रास आहे त्यांना. वळणावर तीन-चार छोटी पावलं टाका, आधी नजर वळवा, मग खांदे, मग पाय. तरी गरगरलं तर उभं राहा, दूरच्या एका खांबाकडे बघा, थांबेल. वेगाच्या बाबतीत मधेच पळावंसं वाटलं तर पळा, रडू आलं तर रडा, कुणी बघत नाही, आणि बघितलं तरी तिथे ते चालतं.

डोक्यात बडबड चालू राहणारच. दूध संपलंय, मेलला उत्तर द्यायचंय, मेव्हण्याला फोन. ती थांबवायला जाऊ नका, पावलांना काहीतरी धरायला द्या. सोपं म्हणजे नाव. रामकृष्णहरी घ्या, तीन पावलांत बसतं, राम, कृष्ण, हरी, चौथं पाऊल मोकळं सोडा, आणि पुन्हा. वारीत ज्यांनी एखादा टप्पा तरी चाललाय त्यांना हे सांगायची गरज नाही, पाय आणि नाव कधी एक झालं कळतच नाही. देवाचं नाव नको असेल तर श्वास मोजा, चार पावलं आत, सहा बाहेर. तेही नको असेल तर फक्त उजवा-डावा.

एक गोष्ट आपल्या लोकांना खटकते, मी बऱ्याच जणांकडून ऐकलीय. प्रदक्षिणा एका दिशेने असते, देव उजव्या हाताला, इथे तर डावीकडून उजवीकडून दोन्हीकडून फिरवतात, हे बरोबर का. एक तर मधे देव बसवलेला नाही, त्यामुळे तो नियम लागू करायचं कारण नाही. आणि दुसरं, शंकराच्या देवळात आपण काय करतो, सोमसूत्री. पन्हळीपर्यंत जायचं, ओलांडायची नाही, उलटं फिरायचं, दुसऱ्या बाजूने पन्हळीपर्यंत, परत. उलट फिरण्याने पुण्य कमी होत असतं तर महादेवाच्या देवळात कुणी गेलंच नसतं.

शार्त्रच्या नक्षीत एक खोडी आहे ती आधी माहीत असलेली बरी. आत शिरल्यावर थोड्याच वेळात वाट तुम्हाला मधल्या फुलाला खेटून नेते, पाकळ्या हाताच्या अंतरावर, वाटतं आलंच. आणि मग ती पाठ फिरवते आणि तुम्ही लांब लांब जात राहता. उलट सगळ्यात शेवटी तुम्ही पार बाहेरच्या कडेला असता, वाटतं अजून बरंच आहे, आणि दोन-तीन वळणांत एकदम मधे. नवखा माणूस पहिल्या ठिकाणी उतावीळ होतो आणि दुसऱ्या ठिकाणी कंटाळतो. दोन्ही वेळेला आपल्या मनात काय आलं ते बघून ठेवा, तिथे बरंच काही सापडतं. मला पहिल्या ठिकाणी चक्क राग येतो, अजूनही, नक्षी पाठ झालीय तरी.

समोरून माणसं येणार, कारण आत जाणारे आणि बाहेर येणारे एकाच वाटेवर असतात, आणि शार्त्रच्या मापात वाट जेमतेम फूटभर रुंद. घाबरायचं काही नाही. एकाने अंग चोरून थोडं शेजारच्या पट्टीत सरकायचं, दुसऱ्याने जायचं, मग आपल्या वाटेवर परत. कोण सरकणार याचा नियम नाही, ज्याला जमेल तो. म्हाताऱ्या माणसाला, काठीवाल्याला, लहान मूल कडेवर असलेल्याला आपणच जागा द्यायची. पुढचा फारच हळू असेल तर ओलांडून जाऊ शकता, मागे उभं राहून घसा खाकरायचा नाही. हसायचं, मान हलवायची की नजर खाली ठेवायची ते समोरच्यावर सोडा, बरेच लोक त्यांच्या आत कुठेतरी असतात. बोलायचं मात्र नाही, हळू आवाजातही नाही.

सरकताना वाट सुटली आणि कुठल्या पट्टीत होतो तेच कळेना असं होतं कधीकधी. ज्या दिशेला तोंड होतं त्या दिशेलाच ठेवा आणि जवळची पट्टी धरून चालत राहा. चुकीची धरली असेल तर फार तर काय होईल, मधे जायच्या ऐवजी तोंडाशी याल किंवा बाहेर पडायच्या ऐवजी परत मधे पोचाल. दोन्हीत बिघडत काही नाही.

मधे पोचल्यावर काय करायचं. काहीही किंवा काहीच नाही. उभं राहा, बसा, डोळे मिटा, उघडे ठेवा. शार्त्रच्या नक्षीत सहा पाकळ्या असल्याने पाच-सहा जण एकमेकांना न चिकटता मावतात, पण गर्दी असेल तर बैठक मारून ध्यानाला बसू नका, मागून येणाऱ्यांनी कुठे जायचं. चार-पाच मिनिटं पुरेत. माझी आई इथे आली होती तेव्हा तिला घेऊन गेले. गुडघ्यांमुळे ती हळूच चालली, चपला काढून, पदर खोचून. मधे पोचल्यावर इकडेतिकडे बघितलं आणि मला खुणेनेच विचारलं, काय आहे इथे. मी मान हलवली, काही नाही. तर खाली वाकून फरशीला हात लावला, तो डोळ्यांना लावला, आणि लागली परत फिरायला. बाहेर आल्यावर म्हणाली, "अगं, काही नाहीये ते बरंय, नाहीतर रांग लागली असती." यापेक्षा नेमकं त्या मधल्या जागेबद्दल मला कुणी सांगितलेलं नाही.

आता परत. इथे लोकांचा वेग आपोआप वाढतो कारण मनाने ते बाहेर पोचलेले असतात, कॉफी कुठे घ्यायची ते ठरलेलं असतं. मुद्दाम तोंडाकडे वळून मिनिटभर थांबा आणि जो वेग आत येताना होता तोच धरा. आत जाताना घेतलेला प्रश्न आता घोळवू नका. त्याच्याऐवजी एवढंच बघा की उद्या सकाळी, म्हणजे खरोखर उद्या सकाळी, मी यातलं काय वेगळं करणार. फोन करणार का, माफी मागणार का, अर्ज लिहिणार का, की गप्प बसणार. वाट तीच असते पण उलट्या बाजूने सगळी वळणं नवी वाटतात, जे डावं होतं ते उजवं, आणि आत जाताना ज्या जागी राग आला होता ती जागा परत येते, यावेळी दुसऱ्या बाजूने. तिथे थोडं रेंगाळा. मधे जे काही मोठं मोठं सुचलेलं असतं ना, त्यातलं निम्मं या परतीच्या वाटेवर गळून पडतं, आणि पडू द्यावं, जे उरतं तेच रोजच्या कामाचं असतं. म्हणून म्हणते ही वाट गाळू नका. रेषा ओलांडून बाहेर पडलेला माणूस ते सगळंच्या सगळं घेऊन गाडीत बसतो आणि पहिल्या सिग्नलला हॉर्न मारतो.

बाहेर आल्यावर मागे वळून एकदा बघा, लगेच फोन चालू करू नका. दहा मिनिटं बाकावर बसा. वहीत चार ओळी लिहायच्या असतील तर लिहा, वाक्यं नीट नसली तरी चालतात. सोबत कुणी असेल तर तुला काय वाटलं हा प्रश्न निदान चहा होईपर्यंत विचारू नका.

आणि काहीच वाटलं नाही तर? तर नाही वाटलं. पुष्कळदा असंच होतं. काही ठिकाणी लॅबरिंथ चालवून घेणारे लोक ऊर्जा, कंपनं, चक्रं असं बरंच काही सांगतात, मला त्यातलं फार पटत नाही आणि त्यावाचून काही अडतही नाही. पाऊण तास फोनशिवाय हळू चाललात, एवढं तर झालंच ना. एक मात्र गंभीरपणे, नुकतंच फार मोठं दुःख झालेलं असेल किंवा पॅनिक अटॅक येत असतील तर पहिल्या वेळी एकटे जाऊ नका, ओळखीचं माणूस बाहेर बाकावर बसलेलं असू दे, शांततेत दबलेलं वर येतं कधीकधी. आणि डॉक्टरची औषधं चालू असतील तर ती चालूच ठेवायची, हे त्याला पर्याय नाही.

जवळपास लॅबरिंथ कुठे आहे ते शोधायला वर्ल्डवाइड लॅबरिंथ लोकेटर म्हणून साइट आहे, देश आणि गाव टाकलं की यादी येते. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी वर्ल्ड लॅबरिंथ डे असतो, त्या दिवशी जिथे असाल तिथल्या घड्याळाने दुपारी एकला चालायचं असं ठरलेलं आहे. अमेरिका-युरोपातल्या आपल्या लोकांना ते बरं पडतं. महाराष्ट्रात मे महिन्यात दुपारी एकला गच्चीवर अनवाणी कुणी चालू नका, सकाळी सातला चाला, काही फरक पडत नाही.

चालताच येत नसेल, गुडघे, व्हीलचेअर, बाळंतपण, काहीही, तर बोटाने चाला. हे काही आजचं नाही, इटलीत लुक्काच्या कॅथीड्रलच्या दारातल्या खांबावर मध्ययुगीन लॅबरिंथ कोरलेला आहे, बोटाने फिरवता येईल एवढा. कागदावर प्रिंट काढा, ताटाएवढी मोठी, आणि ज्या हाताने लिहीत नाही त्या हाताचं बोट फिरवा, तो हात आपोआप हळू जातो. इथेही परत यायचंच, बोट उचलायचं नाही.

आणि आता स्वतःचा काढायचा असेल तर. सात वेढ्यांचा जुना लॅबरिंथ काढणं आपल्याला अवघड नाही कारण तो सरळसरळ ठिपक्यांच्या रांगोळीतून निघतो. ५ बाय ५ ठिपके काढा. मधल्या उभ्या ओळीचे पाचही जोडा, मधल्या आडव्या ओळीचे पाचही जोडा, झाला मोठा अधिक. आता चार कोपऱ्यांत चार-चार ठिपके उरले. प्रत्येक चौकडीत जो ठिपका अधिकच्या मध्याजवळ आहे तो कोपरा धरून त्याच्या शेजारचे दोन जोडा, काटकोन होईल, त्याचं टोक मध्याकडे. सगळ्यात बाहेरचा कोपऱ्यातला ठिपका एकटाच राहू द्या. चारही कोपऱ्यांत तसंच. आता कमानी. अधिकचं वरचं टोक त्याच्या लगेच उजवीकडच्या टोकाला छोट्या कमानीने जोडा, ही मधली जागा. मग डावीकडचं पहिलं मोकळं टोक किंवा ठिपका घ्या आणि पहिल्या कमानीवरून नेऊन उजवीकडच्या पुढच्या मोकळ्याला जोडा. पुन्हा डावीकडचं पुढचं, वरून, उजवीकडचं पुढचं. असं करत करत डाव्या बाजूने खाली आणि उजव्या बाजूने खाली उतरत या. एकूण आठ कमानी होतात आणि तळाला, अधिकच्या खालच्या टोकाच्या डाव्या हाताला, एक फट उरते. तेच तोंड. दोन कमानींमधलं अंतर सगळीकडे सारखं ठेवा, ठिपक्यांमधलं होतं तेवढंच. आधी वहीच्या कागदावर दोन-तीनदा काढा, पाचवी कमान बहुतेकांची पहिल्यांदा चुकते कारण तिथे डावीकडे अधिकच्या आडव्या दांडीचं टोक येतं आणि ते विसरलं जातं.

माप असं की पूर्ण रुंदी ठिपक्यांच्या अंतराच्या साधारण पंधरापट होते. दोन ठिपक्यांत दीड फूट ठेवलंत तर २२-२३ फूट जागा लागते आणि आत जायची वाट अंदाजे ७० मीटर होते. दोन फूट ठेवले तर ३० फूट, हे शाळेच्या मैदानाला बरं. ठिपक्यांची चौकट जागेच्या बरोबर मधे नका घेऊ, तोंडाच्या बाजूला थोडी सरकवून घ्या, कारण कमानी वर जास्त वाढतात. जागा कमी असेल तर ३ बाय ३ ठिपके, मधे अधिक, कोपऱ्यात चार ठिपके, काटकोन नाहीत, कमानी चार, वेढे तीन. फूटभर अंतर ठेवलं तर सात फुटांत बसतो, म्हणजे मोठ्या गॅलरीतसुद्धा.

कशाने काढायचा ते जागेवर. मैदानावर फक्की, क्रिकेटची क्रीज आखतात ती. फरशीवर मास्किंग टेप, निघताना डाग पडत नाही. अंगणात विटा किंवा गोटे. रांगोळी सगळ्यात देखणी पण वाऱ्याने उडते आणि घेरदार कपडे असतील तर तिसऱ्या वेढ्याला रेषा पुसलेली असते, त्यापेक्षा खडू. समुद्रकिनारी असाल, कोकणात किंवा गोव्यात, तर ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूत काठीने काढा, भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून ओहोटीच्या तासभर आधी सुरू करा म्हणजे काढून, चालून, परत येऊन सगळं पाणी चढायच्या आत उरकतं. पोरं धावणार त्यातून, धावू द्या. फ्रान्समधल्या रॅंसच्या कॅथीड्रलमधला जुना लॅबरिंथ अठराव्या शतकात तिथल्या धर्मगुरूंनी उखडून टाकला, कारण म्हणे प्रार्थनेच्या वेळी पोरं त्यावर खेळून गोंगाट करायची. आपण एवढं नको करायला.

बिल्डिंगच्या गच्चीवर काढणार असाल तर आधी सेक्रेटरींना विचारा, आणि विचारताना हे काय आहे ते दोन वाक्यांत नीट सांगा. न सांगता फक्कीने एवढी मोठी गोल नक्षी काढून ठेवलीत तर सकाळी कपडे वाळत घालायला आलेल्या काकू तिला भानामती समजून वॉचमनकडून धुऊन घेतील, आणि मग पुढचे सहा महिने गच्चीला कुलूप.